कुलाब्याहून कुलाब्याला

पोशेऱ्याला मी गेलो ते सौर पॅनेल बसवायला मदत म्हणून. दिवाळी होऊन गेली होती, भाताची कापणी उरकत आली होती आणि मोखाड्याच्या माळांवरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं. पॅनेलचं तोंड दक्षिणेला हवं, एवढंच माझ्याकडचं ज्ञान. घरामागे एक उघडा कातळ आहे. त्याच्यावर फोन ठेवला, होकायंत्र उघडलं आणि एक बाण आखला. घरमालक पाहत होते. ते म्हणाले, "भाऊ, दक्षिण तिकडं नाय. तिकडं."

त्यांचा हात आणि माझा बाण यांत चाळीस-एक अंशांचं अंतर होतं. फोन हातभर सरकवला, बाण आणखी फिरला. फोन उचलून डोक्याच्या उंचीवर धरला तेव्हा तो निमूटपणे त्यांच्या हाताच्या दिशेला आला. पुन्हा कातळावर ठेवला, पुन्हा बिघडला. मी म्हटलं, दगडात लोखंड असेल. ते म्हणाले, "या कातळावर वीज पडती. म्हणून गुरं बांधत नाय आम्ही इथं."

माझ्या फोनचं चुकलं नव्हतं, त्यांचंही चुकलं नव्हतं. खोडी दगडाची होती, आणि तिचं कारण त्यांनी सहज बोलता बोलता सांगून टाकलं होतं. मला ते कळायला पुढचे काही महिने वाचन करावं लागलं. त्या वाचनात मी एका जुन्या प्रश्नाच्या मागे लागलो. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारं यंत्र माणसाने नखाएवढं लहान कसं केलं? आणि ते लहान होत गेलं तेव्हा नेमकं काय लहान झालं? या गोष्टीचा बराच मोठा भाग मराठी मुलखात घडलेला आहे, आणि आपल्याला तो फारसा सांगितला जात नाही.

*

सुरुवात जर्मनीतल्या गॉटिंगेनहून करावी लागते. होकायंत्र दिशा सांगतं, पण पृथ्वीचं चुंबकत्व किती जोरदार आहे ते सांगत नाही. १८३२ साली कार्ल फ्रीडरिश गाउसने त्यासाठी एक पद्धत मांडली. धाग्याला टांगलेला चुंबक किती वेळात झोके घेतो ते मोजायचं, मग तोच चुंबक दुसऱ्या एका सुईला किती अंशांनी वळवतो ते पाहायचं. या दोन मोजमापांतून चुंबकाची स्वतःची ताकद बाजूला काढता येते आणि पृथ्वीची तेवढी उरते, तीही लांबी, वस्तुमान आणि वेळ यांच्या एककांत. त्यामुळे गॉटिंगेनचा आकडा आणि मुंबईचा आकडा पहिल्यांदाच शेजारी ठेवता येण्यासारखे झाले.

गाउसची यंत्रं मात्र दांडगी होती. त्याच्या एका यंत्रात चार पौंडांची चुंबकपट्टी होती, दुसऱ्यात पंचवीस पौंडांची. यामागे विचार होता. पट्टी जड असली की वाऱ्याची झुळूक, आरशाचं वजन, रेशमी धाग्याचा पीळ यांचा परिणाम तिच्यापुढे किरकोळ ठरतो. पट्टीला आरसा लावायचा, दूर ठेवलेल्या दुर्बिणीतून त्या आरशात एका मोजपट्टीचं प्रतिबिंब वाचायचं. चुंबक केसभर फिरला तरी पट्टीवरचा आकडा बदलतो. यंत्राची संवेदनशीलता आरसा आणि दुर्बीण यांच्यातल्या अंतरातून येत होती. थोडक्यात, एक खोलीभर यंत्र.

जड चुंबकाचा एक दोष होता. त्याचा झोका संथ. आणि पृथ्वीचं चुंबकत्व नेहमीच संथपणे बदलत नाही. हत्तीच्या पाठीवर बसून पाखराचं उडणं टिपण्यासारखं ते होतं. इथे साधं गणित आहे. चुंबकाची लांबी, रुंदी, जाडी सगळं निम्मं केलं, तर त्याची ताकद आठपटींनी कमी होते. पण त्याला फिरवताना आडवं येणारं जडत्व बत्तीसपटींनी कमी होतं. म्हणून लहान चुंबक त्याच क्षेत्रात निम्म्या वेळात झोका पुरा करतो. म्युनिकचा योहान लामाँट लहान चुंबकांचा पुरस्कार करत होता तो याच कारणाने. पुढच्या शंभर वर्षांतलं बरंचसं यंत्रशास्त्र या आठ आणि बत्तीसच्या फरकावर उभं आहे.

*

गाउसच्या पद्धतीचं लोण ब्रिटिशांपर्यंत पोचलं. नौकानयनाला होकायंत्र लागतं, होकायंत्राला दिक्पात माहीत असावा लागतो, म्हणजे सुई खऱ्या उत्तरेपासून किती हटते ते. साम्राज्य समुद्रावर पसरलेलं. एडवर्ड सबाइन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सरकारला पटवलं आणि १८३९ नंतर जगभर चुंबकीय वेधशाळा उभ्या राहिल्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या वाट्याला सिमला, मद्रास, सिंगापूर आली. मुंबईत कुलाब्याला १८२६ पासून एक वेधशाळा होतीच. तिथे १८४१ मध्ये चुंबकीय वेध सुरू झाले. सिमला आणि सिंगापूरची कामं काही वर्षांतच आटोपली. कुलाबा चालू राहिलं.

या वेधशाळेचे सुरुवातीचे प्रमुख आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार, एल्फिन्स्टन संस्थेतले प्राध्यापक. मराठी वाचकाला ओळखीचं नाव मात्र त्यांच्या सहकाऱ्यांचं आहे. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेचा कारभार पाहिला. आणि त्या दोघांचा एक विद्यार्थी, अलिबागजवळच्या नागावचा, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी तिथे सहायक म्हणून लागला. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजेच केरूनाना. लहानपणीच पोरके झालेले, चुलते सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्याकडे मुंबईत वाढलेले. पुढे ते पुण्यात प्राध्यापक झाले, १८६० साली त्यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध झाली, डेक्कन कॉलेजात टिळक त्यांचे विद्यार्थी होते. हे सगळं चरित्रकोशांत असतं. पण त्यांची उमेदीची जवळजवळ दहा वर्षं चुंबकाचे आणि हवामानाचे वेध घेण्यात गेली, ही गोष्ट एका वाक्यात उरकली जाते.

ते काम कसं होतं याची कल्पना करून पाहावी. कुलाब्याची यंत्रं डब्लिनच्या टॉमस ग्रबने बनवलेली होती. चुंबकपट्टी पंधरा इंचांची, म्हणजे गाउसच्या मानाने आटोपशीर, पण आजच्या मानाने मोठीच. एक चुंबक दिशेसाठी. दुसरा दोन तारांवर टांगलेला, तारांना पीळ देऊन पूर्व-पश्चिम असा आडवा धरून ठेवलेला, तो आडव्या घटकाचा जोर दाखवायचा. तिसरा उभ्या घटकासाठी. खोलीत लोखंड नको. वेध दर तासाला, दिवसा आणि रात्री. आणि तास मोजायचे ते गॉटिंगेनच्या घड्याळाने, कारण सगळ्या जगाचे वेध एकाच क्षणी व्हायला हवेत. समुद्राच्या काठावर, पावसाळ्याच्या दमट रात्री, दिव्याच्या उजेडात दुर्बिणीला डोळा लावून एक आकडा वाचायचा, वहीत लिहायचा आणि पुढच्या तासाची वाट पाहायची. त्या आकड्याचं पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. बहुतेक आकड्यांचं काहीच होत नाही.

*

१ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सूर्याच्या डागांचं चित्र काढत होता. डागांच्या एका मोठ्या पुंजक्यावर त्याला लख्ख पांढरा प्रकाश दिसला आणि काही मिनिटांत विरून गेला. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीचं चुंबकत्व ढवळून निघालं. उष्ण कटिबंधातल्या प्रदेशांतून लोकांनी ध्रुवीय प्रकाश पाहिला. अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंडच्या तार मास्तरांनी बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि जमिनीतून तारेत येणाऱ्या आपोआपच्या विजेवर संदेश पाठवले.

ब्रिटनमध्ये तेव्हा आधुनिक यंत्रं आली होती. क्यू आणि ग्रीनिच इथे चुंबकाच्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका फिरत्या फोटोच्या कागदावर रेघ उमटवायचा. माणसाने डोळा लावून बसायची गरज नाही. पण वादळाच्या ऐन भरात तो ठिपकाच कागदाबाहेर गेला. आपोआप नोंदणाऱ्या यंत्रांनी नेमका हवा तोच भाग गमावला.

कुलाब्याला फोटोची यंत्रं यायला अजून बारा-तेरा वर्षं होती. लेफ्टनंट ई. एफ. टी. फर्ग्युसन यांच्या देखरेखीखाली तिथे अजूनही माणसंच वाचत होती. त्यांच्यासाठी एक नियम होता. आकडा ठरावीक मर्यादेपलीकडे हलला, की तासाची वाट न पाहता पंधरा मिनिटांनी, गरज पडली तर पाच मिनिटांनी वाचायचं, आणि चुंबक शांत होईपर्यंत थांबायचं नाही. २ सप्टेंबरला, शुक्रवारी, दुपार व्हायच्या आधी आडव्या घटकाचा चुंबक असा कोसळला की तसं त्यांनी कधी पाहिलं नसेल. नियमाप्रमाणे त्यांनी वाचलं आणि लिहिलं.

हे आकडे पुढे वार्षिक ग्रंथात छापले गेले. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी आणि वॉल्टर गोन्झालेझ यांच्याबरोबर भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या गुरबक्षसिंग लाखिना आणि शोभना अलेक्स यांनी या नोंदी पुन्हा काढून अभ्यासल्या. आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेलेला होता, मुंबईतल्या त्याच्या नेहमीच्या किमतीच्या चार टक्क्यांहून जास्त. मार्च १९८९ च्या वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली, साठ लाख लोक अंधारात गेले. जगभरच्या नोंदींवरून काढलेला त्या वादळाचा निर्देशांक सुमारे ५९० नॅनोटेस्ला इतका खाली गेला होता. एका ठिकाणचा आकडा आणि जगाची सरासरी यांची सरळ तुलना करता येत नाही, पण अंदाज यायला हे पुरेसं आहे.

आता या आकड्यावर जगात वाद आहे. काहींच्या मते तो पृथ्वीभोवती फिरणाऱ्या कणांच्या प्रवाहामुळे होता, काहींच्या मते ध्रुवाकडचे विजेचे प्रवाह त्या दिवशी इतके खाली सरकले की मुंबईच्या चुंबकाला त्यांचा तडाखा बसला. तासाची सरासरी घेतली तर घट बरीच कमी दिसते, म्हणून काही जण १६०० ऐवजी तो छोटा आकडा धरतात. २०२२ मध्ये हिसाशी हायाकावा आणि सहकाऱ्यांनी कुलाब्याचे तिन्ही घटकांचे आकडे मूळ ग्रंथातून पुन्हा मांडले. वाद चालू राहील. पण आज विजेचं जाळं आणि उपग्रह किती मोठं वादळ सोसू शकले पाहिजेत, हे ठरवताना जगातले इंजिनिअर जो आकडा समोर ठेवतात, त्याच्या एका टोकाला कुलाब्याच्या खोलीत दुर्बिणीला लावलेला डोळा आहे. त्या दिवशी तो सहायक पाच मिनिटं उठून गेला असता, किंवा 'यंत्र बिघडलं' असं ठरवून त्याने वही मिटली असती, तर वाद घालायलाही काही उरलं नसतं.

माझा फोन त्या दिवशी कुलाब्यात असता तर त्यालाही हे वादळ दिसलं असतं. फोनमधली चिप दोन-तीन मिलिमीटरची असते. पातळ पट्टीतून वीज वाहू द्यायची, चुंबकीय क्षेत्राने ती एका बाजूला ढकलली जाते, त्यामुळे पट्टीच्या दोन कडांमध्ये सूक्ष्म दाब तयार होतो, तो मोजायचा. एडविन हॉलने हे १८७९ मध्ये दाखवलं. अशा चिपला दीडशे-एक नॅनोटेस्लांचा फरक जेमतेम ओळखता येतो. १६०० चा फरक तिला नक्की कळला असता. पण त्यावर कुणी विश्वास ठेवला नसता. खिशातल्या किल्ल्या, जवळून गेलेली रिक्षा, भिंतीतली सळई यांनी फोनचा आकडा दिवसातून शंभरदा त्याहून जास्त हलतो. १८५९ च्या आकड्याला किंमत आली ती त्याच्या आधी आणि नंतर, दर तासाला, त्याच जागी, त्याच चुंबकाने घेतलेल्या हजारो कंटाळवाण्या आकड्यांमुळे.

*

ही जागा किती मोलाची आहे हे ज्याला पुरतं कळलं होतं, तो माणूस नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस. जन्म १८५९ चाच. १८९६ मध्ये ते कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. थोड्याच वर्षांत मुंबईत विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामची वीज रुळांतून परत येते, त्यातली काही जमिनीत झिरपते, आणि जमिनीतल्या विजेने चुंबक हलतात. शहराला ट्राम हवी होती. चुंबकांना शांतता हवी होती. चुंबकांच्या बाजूने बोलणारे किती असणार?

मूस यांनी भांडण्याऐवजी जागा शोधली. मुंबईच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर, समुद्राकाठी, अलिबाग. तिथे पोरबंदरी दगडाच्या इमारती उभारल्या, कारण आपला काळा दगड स्वतःच चुंबकीय असतो. खिळे-बिजागऱ्यांतसुद्धा लोखंड येऊ दिलं नाही. १९०४ मध्ये अलिबागचे वेध सुरू झाले. मूस यांनी कुलाब्याचे वेध मात्र लगेच थांबवले नाहीत. दोन वर्षं, १९०६ पर्यंत, दोन्हीकडे एकाच वेळी वाचन चालू ठेवलं. त्यामुळे दोन जागांमधला फरक नेमका कळला आणि १८४० च्या दशकापासूनची माळ न तुटता पुढे ओवता आली. मुंबईत विजेची ट्राम धावली ती ७ मे १९०७ ला. तोपर्यंत चुंबक निघून गेले होते. मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचा अभ्यास १९१० मध्ये दोन जाड खंडांत छापला. चुंबकीय वादळं सुरू झाल्या क्षणापासून मोजून एकावर एक ठेवली तर त्यांचा एक सामाईक आकार दिसतो, हे त्यांनी त्यात दाखवलं.

मराठी माणसाला यात एक गंमत दिसते. अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्याचं मुख्य ठाणं होतं, समोरच्या समुद्रात कुलाबा किल्ला. रायगड हे जिल्ह्याचं नाव १९८१ नंतरचं. म्हणजे वेधशाळा कुलाब्याहून निघाली ती कुलाब्यालाच गेली. आणि गेली ती केरूनानांच्या नागावच्या शेजारी. पंधराव्या-सोळाव्या वर्षी चुंबक वाचायला लागलेला मुलगा ज्या गावाकडून मुंबईला आला होता, साठेक वर्षांनी चुंबकच त्या गावाकडे गेले.

*

आता पोशेऱ्याच्या कातळाकडे परत येतो, कारण गोष्टीचा दुसरा धागा त्यात आहे.

सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक थर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. भूवैज्ञानिकांनी पश्चिम घाटातल्या या थरांना गावांची नावं दिली आहेत. नेरळ, इगतपुरी, आणि सगळ्यात तळाला जव्हार. लाव्हा थंड होताना त्यातले मॅग्नेटाइटसारखे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा धरून गोठतात. शुद्ध मॅग्नेटाइटसाठी हे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली घडतं. म्हणजे प्रत्येक दगड हे एक होकायंत्रच आहे, फक्त त्याची सुई साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अडकली.

ही सुई वाचायला यंत्र लागतं ते अगदी नाजूक, कारण दगडाचं चुंबकत्व क्षीण आणि भोवती पृथ्वीचं क्षेत्र कितीतरी पटींनी मोठं. पॅट्रिक ब्लॅकेटने यासाठीचं यंत्र १९५२ मध्ये वर्णन केलं. खरं तर त्याला वेगळंच काही मोजायचं होतं. फिरणाऱ्या कुठल्याही जड वस्तूत चुंबकत्व आपोआप निर्माण होतं का, हे तपासायला त्याने बँक ऑफ इंग्लंडकडून पंधरा किलोंहून जास्त सोनं उसनं आणलं आणि त्याचा दंडगोल आपल्या यंत्राजवळ ठेवला. काही निघालं नाही. कल्पना पडली, यंत्र उरलं. एका हलक्या काडीच्या दोन टोकांना दोन चिमुकले चुंबक, एकाचं तोंड दुसऱ्याच्या उलट. पृथ्वीचं क्षेत्र दोघांनाही सारखंच ओढतं, उलट दिशांना, म्हणून ते रद्द होतं. दगड खालच्या चुंबकाजवळ ठेवला की त्याची ओढ एकालाच जास्त जाणवते आणि काडी फिरते. आठ आणि बत्तीसचं गणित इथे कामाला येतं. चुंबक जितके लहान, तितकं यंत्र चपळ.

अशाच यंत्रावर जॉन क्लेग, अर्न्स्ट डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या बेसाल्टचे नमुने तपासले आणि १९५६ मध्ये निष्कर्ष छापले. लगोलग १९५८-५९ मध्ये डॉइच, सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांचे लेख आले. खालच्या बऱ्याचशा थरांची सुई उलटी होती, आजच्या दक्षिणेकडे तोंड करून. म्हणजे तो लाव्हा थंड होताना पृथ्वीचे ध्रुव उलटे होते. आणि सुईचा जमिनीशी असलेला कल आजच्यापेक्षा बराच तीव्र होता, साधारण पंचेचाळीस अंशांचा. विषुववृत्तापासून जितकं दूर, तितका कल मोठा, असा नियम आहे. त्या हिशेबाने हा लाव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला पंचवीस-तीस अंशांवर गोठला होता. भूखंडं सरकतात हे तेव्हा बहुतेक भूवैज्ञानिकांना मान्य नव्हतं. सह्याद्रीच्या दगडाने सांगितलं की हा सगळा मुलूख विषुववृत्त ओलांडून आला आहे.

सहस्रबुद्धे आणि राधाकृष्णमूर्ती यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे काम वाढवलं. एस. डी. लिखिते यांच्यासह १९६५ मध्ये त्यांनी खडकांसाठीच्या एका यंत्राचं वर्णन छापलं. खडकाचा लहानसा तुकडा उलटसुलट होणाऱ्या चुंबकीय क्षेत्रात ठेवायचा आणि तो त्याला कसा प्रतिसाद देतो याचं वळसेदार चित्र पडद्यावर पाहायचं. त्या चित्राच्या आकारावरून दगडातले चुंबकीय कण कोणत्या जातीचे, बारीक की मोठे, हे कळतं, आणि त्यावरून त्यांची जुनी आठवण विश्वासार्ह आहे की नाही ते ठरवता येतं. टाटा संस्थेचा पत्ता मुंबईतला कुलाबा. चुंबक अलिबागला गेले होते खरे, पण पंधरा इंची पट्ट्यांच्या जागी आता तुकडाभर दगड आणि वेटोळी आली होती, आणि कुलाब्यात ते चाललं.

आणि वीज? कातळावर वीज पडते तेव्हा क्षणभर प्रचंड प्रवाह वाहतो आणि आसपासच्या दगडावर नवं, जोरदार चुंबकत्व चढवतो. हे चुंबकत्व काही मीटरांपुरतं असतं आणि जागोजागी दिशा बदलतं. मोकळ्या माळावर, डोंगरमाथ्यावर नमुने घेणारे संशोधक यालाच भितात. दगडात मग दोन आवाज असतात. विजेचा मोठा आणि अलीकडचा, लाव्ह्याचा बारीक आणि जुना. प्रयोगशाळेत वरचा आवाज हळूहळू पुसत जावं लागतं, आणि तो पुसला गेल्यावर उरलेलं ऐकायला यंत्र पुरेसं संवेदनशील असावं लागतं. पोशेऱ्यातल्या त्या गृहस्थांनी गुरं न बांधण्याचं जे कारण सांगितलं, तेच माझ्या बाणाच्या चुकीचं कारण असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे.

*

पुढचा प्रवास वेगवान आहे. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टर व्हॅकियेने विकसित केलेला फ्लक्सगेट विमानांतून पाणबुड्या शोधायला वापरला गेला. त्यात टांगलेला चुंबक नाहीच. लोहमिश्रधातूचा गाभा विजेने आलटून पालटून पूर्ण चुंबकित करायचा, बाहेरच्या क्षेत्रामुळे दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत, ती असमानता मोजायची. १९५० च्या दशकात प्रोटॉन मॅग्नेटोमीटर आला. त्याची गंमत मला सगळ्यात आवडते. बाटलीत पाणी किंवा रॉकेल, भोवती तारेचं वेटोळं. वीज सोडून हायड्रोजनचे प्रोटॉन एका दिशेला उभे करायचे, वीज बंद करायची. प्रोटॉन पृथ्वीच्या क्षेत्राभोवती भोवऱ्यासारखे डुलू लागतात आणि डुलण्याचा वेग फक्त क्षेत्रावर अवलंबून असतो. मोखाड्याच्या परिसरात पृथ्वीचं क्षेत्र साधारण ४४ मायक्रोटेस्ला आहे. तिथे रॉकेलच्या बाटलीचा सूर सेकंदाला सुमारे १८७० कंपनांचा लागेल. कानाला सहज ऐकू येणारा सूर. गाउसला ज्यासाठी झोके मोजावे लागले, ते आता सूर मोजून कळतं, आणि हा सूर मुंबईच्या रॉकेलचा असो की म्युनिकच्या, बदलत नाही.

२ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून आदित्य-एल१ सूर्याकडे निघालं. तारीख मुद्दाम निवडलेली नसावी, पण कुलाब्याच्या वादळाला त्या दिवशी बरोबर १६४ वर्षं झाली. त्यावर बंगळुरूच्या लिऑस प्रयोगशाळेचे दोन फ्लक्सगेट आहेत. इतके लहान की हातात मावावेत. पण ते यानात बसवलेले नाहीत. सहा मीटरच्या एका दांड्यावर, एक टोकाला आणि एक मध्यावर, असे यानाबाहेर धरलेले आहेत. यानाची स्वतःची वीज, मोटारी, पॅनेल यांचं चुंबकत्व त्यांना बाधू नये म्हणून. दोन संवेदक दोन अंतरांवर असले की यानाचा वाटा किती हे वजा करता येतं. मूस यांनी कुलाबा आणि अलिबाग दोन वर्षं एकत्र चालवलं, त्याची आठवण येते. तो दांडा म्हणजे आदित्यचं अलिबाग.

चुंबक लहान झाला, आरसा गेला, धागा गेला, दुर्बीण गेली, रात्र जागणारा माणूसही गेला. पण गोंगाटापासूनचं अंतर कमी करता आलेलं नाही. यंत्र जितकं नाजूक, तितकी शांत जागा मोलाची. ट्रामपासून तीस किलोमीटर, यानापासून सहा मीटर, कातळापासून डोक्याची उंची. भारतीय भूचुंबकत्व संस्थाही पुढे मुंबईच्या कुलाब्यातून नवीन पनवेलला गेली, आणि पनवेल हा जुन्या कुलाबा जिल्ह्याचाच तालुका.

पोशेऱ्यातलं पॅनेल आम्ही शेवटी फोनने लावलं नाही. अंगणात एक काठी सरळ उभी केली, सकाळी अकरापासून तिच्या सावलीच्या टोकाला खडे ठेवत गेलो. सावली सगळ्यात आखूड झाली तो खडा आणि काठी यांना जोडणारी रेघ म्हणजे उत्तर-दक्षिण. हे करताना दर पाच मिनिटांनी उठावं लागत होतं. घरमालकांनी एकदाही खडा ठेवायचा चुकवला नाही. मी दोनदा चुकवला.